रेघ एकदाच: हाताने चालवायच्या टाइल कटरबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच यंत्राबद्दल आहेत: वीज न लागणारा, हाताने ओढायचा किंवा ढकलायचा टाइल कटर. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: ६०० × ६०० मिमीच्या व्हिट्रिफाइड टाइल आहेत, कटर नवाच आहे. तरी दहातल्या तीन-चार टाइल रेघ सोडून भलतीकडे फुटतात. शेवटचे दोन इंच तर हमखास बाजूला वळतात. हाताचा जोर कमी पडत असेल का?

जोर कमी नाही, बहुधा जास्तच पडतोय, आणि तोही चुकीच्या वेळी.

नाव कटर असलं तरी हे यंत्र टाइल कापत नाही. त्याचं चाक वरच्या चकचकीत थरात केसाएवढी भेग पाडतं, आणि ती भेग खालपर्यंत उघडली की टाइलचे दोन तुकडे होतात. भाजलेली माती दाब भरपूर सोसते, ताण मात्र सोसत नाही. बैठकीच्या मधोमध एक उंचवट्याची पट्टी असते, तिला आपण धार म्हणू. मारलेली रेघ या धारेच्या बरोबर वर येते. वरून दाबाचा पाय रेघेच्या दोन्ही अंगांना टेकतो. दांडा दाबला की टाइल धारेवरून दोन्हीकडे वाकू पाहते, वरच्या अंगाला ताण बसतो आणि भेग खाली धावते. म्हणजे टाइल कुठे तुटणार हे दांडा दाबण्याआधीच ठरलेलं असतं. रेघ जिथे तुटक आहे तिथे भेगेला वाट सापडत नाही, मग ती सोपी वाट पकडते, आणि सोपी वाट म्हणजे जवळची कड.

त्यामुळे आधी रेघ तपासा. टाइल फडक्याने पुसून चकचकीत बाजू वर ठेवा आणि गाइड पट्टीला, म्हणजे टाइलची कड टेकवायच्या मापाच्या पट्टीला, घट्ट भिडवा. चाक अलीकडच्या कडेवरच टेकवा, कडेपासून आत पाच मिलिमीटरवर नाही. मग एकाच वेगाने, एकाच दाबाने पलीकडच्या कडेपर्यंत न्या. मध्ये थांबू नका, हात बदलू नका. कान उघडे ठेवा: ताठ कापड फाडताना येतो तसा अखंड, बारीक कर्रर आवाज यायला हवा. आवाज जिथे गेला तिथे चाक नुसतं घसरलं, असं समजा. रेघ मारून झाल्यावर टाइल उजेडाकडे तिरकी करून पाहा. चांगली रेघ केसासारखी बारीक आणि सलग दिसते. रेघेच्या दोन्ही बाजूंना पांढरी पूड आणि बारीक टवके दिसले, तर दाब जास्त झाला. अशी रेघ डोळ्यांना ठसठशीत वाटते, पण तिच्याखाली एका भेगेऐवजी अनेक आडव्यातिडव्या भेगा झालेल्या असतात आणि टाइल त्यांतली कुठलीही निवडते.

शेवटचे दोन इंच वळतात, याचं पहिलं कारण रेघ तिथपर्यंत पोचलेलीच नसते. चाक कडेवरून धपकन खाली पडेल या भीतीने हात आपोआप आधीच उचलला जातो. भीती खरी आहे, कारण चाक पडलं तर कडेचा टवका उडतो आणि चाकाची धारही जाते. उपाय असा की शेवटच्या सेंटीमीटरभरात दाब हलका करायचा, पण चाक टाइलवरून सोडायचं नाही. जमत नसेल तर उलट करा: पलीकडच्या कडेपासून आत एक-दोन सेंटीमीटरची छोटी रेघ आधी मारून ठेवा आणि मुख्य रेघ तिला नेऊन मिळवा.

दुसरं कारण बैठकीवर असतं. प्रत्येक टाइल तुटल्यावर बारीक कपच्या रबरावर पडतात. टाचणीच्या डोक्याएवढी एक कपची पुढच्या टाइलखाली राहिली, की दाब देताना टाइल धारेवर न वाकता त्या कपचीवर वाकते. अशा तुकड्याच्या पाठीवर कपचीच्या जागेपासून सुटलेली तडा स्पष्ट दिसते. म्हणून मऊ ब्रश कटरजवळ ठेवा आणि प्रत्येक कापानंतर बैठक झाडा. अमुक इतक्या टाइलनंतर नाही, प्रत्येक टाइलनंतर.

आता तोडणं. साधी भिंतीची सिरॅमिक टाइल मध्यावर दाबली तरी सरळ तुटते. व्हिट्रिफाइडला, म्हणजे पाणी जवळजवळ न पिणाऱ्या घट्ट टाइलला, ही मुभा नाही. दाबाचा पाय टाइलच्या एका टोकाला, कडेपासून साधारण एक-दोन सेंटीमीटर आत ठेवा, म्हणजे भेग एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्याकडे धावेल. दांडा हिसका देऊन मारायचा नाही. हळूहळू दाब वाढवत जा. एका क्षणी ‘टक्’ असा आवाज होतो आणि टाइल सुटते. दाब वाढवूनही सुटत नसेल तर दांड्यावर अंगाचं वजन टाकू नका. अशी टाइल सुटते तेव्हा तीन तुकड्यांत सुटते.

हे सगळं सांभाळूनही एखाद्या खोक्यातल्या टाइल रेघ सोडून धनुष्यासारख्या वळून तुटत असतील, तर दोष तुमचा नाही. भट्टीनंतर घाईने थंड झालेल्या काही टाइलच्या पोटात ताण अडकून राहतो. त्या टाइल पाण्यावर चालणाऱ्या डायमंड ब्लेडच्या यंत्राकडे द्याव्यात.

प्रश्न: आमचे मिस्त्री एकाच जागी दोन-तीनदा रेघ मारतात आणि रेघेवर थोडं रॉकेल लावतात. बरोबर की चूक?

दोन-तीनदा रेघ मारणं चूकच. दुसऱ्या फेरीत चाक पहिल्या भेगेत नेमकं बसत नाही. ते तिच्या काठांवर चढतं, काठ फोडतं आणि स्वतः बोथट होतं. पहिली रेघ कुठे सुटली असेल तर तेवढाच भाग हलक्या हाताने जोडता येतो, तोही नाइलाज म्हणून. रॉकेलची सवय काचकामातून आली असावी. तेलाचा थेंब हवा तो चाकाच्या आसावर, टाइलवर नाही. ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत थर, नसलेल्या टाइलवर तेल मुरून डाग राहतो.

प्रश्न: घरचं एक न्हाणीघर आणि स्वयंपाकघर स्वतः करायचं आहे. कटर घेताना काय बघावं? दुकानदार लांबी आणि किंमत याखेरीज काही सांगत नाही.

लांबीपासूनच सुरुवात करू, कारण तिथेच फसगत होते. तुमची सगळ्यात मोठी टाइल ६०० मिमीची असेल तर ६०० चा कटर सरळ कापाला कसाबसा पुरतो. तिरका काप आला की अडतं. चौकोनी टाइलचा कर्ण बाजूच्या १.४१४ पट असतो: ३०० च्या टाइलला ४२४ मिमी, ६०० च्या टाइलला ८४९ मिमी, ८०० च्या टाइलला ११३१ मिमी. उलट हिशेब केला तर ६३० मिमीच्या कटरवर तिरकी बसणारी चौकोनी टाइल जेमतेम ४४५ मिमीची असते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे काप करायचेच नसतील तर मोठा कटर घेऊन जागा अडवू नका. ६०० × १२०० च्या टाइल उभ्या चिरायच्या असतील तर मात्र १२०० हून अधिक लांबी लागतेच.

मग जाडी. भिंतीच्या टाइल साधारण ६ ते ८ मिमी, जमिनीच्या ८ ते १० मिमी आणि बाहेरच्या फरसबंदीच्या २० मिमीपर्यंत जातात. पेटीवर जाडीची मर्यादा लिहिलेली असते. तिच्या अगदी टोकाला काम करायचं असेल तर एक पायरी वरचं यंत्र घ्या.

यानंतरची परीक्षा हातानेच करायची. गाडी, म्हणजे रुळावरून सरकणारा चाकाचा भाग, रुळाच्या मध्यावर आणा, दांडा पकडा आणि डावी-उजवीकडे हलवून पाहा. चाकाचं टोक बाजूला हललेलं डोळ्यांना दिसलं तर तो कटर ठेवून द्या. गाडीत जेवढी ढिलाई, तेवढी रेघ नागमोडी. बेअरिंगवर सरकणारी गाडी नुसत्या बुशवर सरकणाऱ्या गाडीपेक्षा जास्त काळ घट्ट राहते. एक रूळ की दोन, हा वाद फारसा कामाचा नाही. जाड, न वाकणारा एकच रूळ बारीक लवचीक दोन रुळांपेक्षा चांगला, शिवाय रेघ डोळ्यांसमोर उघडी राहते. रुळाच्या मध्यावर वरून दाब द्या. रूळ वाकलेला जाणवला तर व्हिट्रिफाइड टाइलच्या मध्यात चाकाचा दाब कमी पडणार, हे नक्की.

मग गाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन बघा, चाक सगळीकडे धारेच्या बरोबर वर राहतं का. चाक धातूला टेकवू नका, कागदाएवढं वर धरून न्या. एका टोकाला धारेवर आणि दुसऱ्या टोकाला दोन मिलिमीटर बाजूला असेल, तर त्या कटरने रेघ एकीकडे आणि ताण दुसरीकडे पडणार.

बैठक स्प्रिंगवर किंचित दबणारी असेल तर पाठीवर उंच रेषा असलेल्या टाइलही डुगडुगत नाहीत. दाबाचा पाय जागेवरून हलवता येतो का, तेही पाहा. शेवटचं आणि बऱ्याचदा विसरलं जाणारं: चाक सुटं मिळतं का? ते कुठल्या मापाचं, आसाचं भोक केवढं, हे त्याच दुकानात विचारा. चाक झिजतंच. बदली चाक मिळत नसेल तर यंत्राचा उपयोग तिथेच संपतो.

प्रश्न: चाकं वेगवेगळ्या मापांची मिळतात. कुठलं कशासाठी?

लहान चाक कमी दाबात खोल रुततं, मोठं चाक खडबडीत पृष्ठावरून न उडता जातं. एवढा नियम लक्षात ठेवला की पुरतो. गुळगुळीत, चमकदार ग्लेझच्या भिंतीच्या टाइलला ६ किंवा ८ मिमी व्यासाचं चाक, रोजच्या व्हिट्रिफाइड आणि पॉर्सेलीनला १० मिमी, आणि दगडासारखी किंवा लाकडाच्या रेषांसारखी नक्षी उठून आलेल्या, न घसरणाऱ्या पृष्ठाच्या टाइलला १८ किंवा २२ मिमी. लहान चाक खडबडीत टाइलवर खाचेत अडकतं आणि उंचवट्यावरून उडी मारतं, त्यामुळे रेघ तुटक होते. चाकं बहुतेक टंगस्टन कार्बाइडची असतात. हा पदार्थ फार कठीण, पण ठिसूळ. पडलं की कपचा उडतो.

टाइल कोणत्या जातीची आहे हे ओळखता येत नसेल तर तुटलेल्या कडेवर पाण्याचा थेंब सोडा. भिंतीची सिरॅमिक थेंब लगेच पिते, व्हिट्रिफाइडवर तो तसाच बसून राहतो. आयएसओ १३००६ या मानकानुसार दाबून घडवलेल्या टाइलमध्ये पॉर्सेलीनचं पाणी शोषण ०.५ टक्क्यापर्यंत असतं आणि भिंतीच्या सच्छिद्र टाइलचं १० टक्क्यांहून जास्त. थेंब जितका हट्टी, तितका चाकाचा आणि तोडण्याचा कस जास्त.

प्रश्न: रेघेत ठरावीक अंतराने बारीक खंड पडतो. हात तर स्थिर आहे. असं का?

पट्टी घेऊन दोन खंडांमधलं अंतर मोजा. चाकाचा परीघ म्हणजे व्यासाच्या ३.१४ पट. चाक २२ मिमीचं असेल आणि खंड दर ६९ मिमीवर येत असेल, किंवा चाक १० मिमीचं आणि खंड दर ३१ मिमीवर, तर चाकाच्या धारेवर एका जागी कपचा उडालेला आहे आणि प्रत्येक फेरीला ती जागा टाइलवर येते. चाक बदला, दुसरा इलाज नाही. धार लावून घेण्याच्या फंदात पडू नका.

खंड अनियमित असतील तर चाक आसावर अडकून न फिरता घसरत असतं. चाक काढा, आसावरची पूड पुसा, हलक्या तेलाचा एक थेंब सोडा, बोटाने फिरवून पाहा. स्क्रू इतका आवळू नका की चाक फिरणारच नाही. आणि इतका ढिला ठेवू नका की ते बाजूला डुलेल.

खंड नाही, पण पूर्वीपेक्षा जास्त दाबावं लागतंय आणि कर्रर आवाजाऐवजी नुसतं घासल्यासारखं वाटतंय, तर चाक सरसकट झिजलं. किती टाइलनंतर झिजेल याचा आकडा सांगण्यात अर्थ नाही. तो टाइलच्या कठीणपणावर आणि हातावर ठरतो.

प्रश्न: भिंतीलगत १५ मिमीची पट्टी लागते. दहा वेळा प्रयत्न केला, दहाही वेळा पट्टीचे तुकडे.

यंत्राकडून नको ते मागताय. रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखं बळ असेल तर भेग सरळ खाली जाते. एक बाजू ५८० मिमीची आणि दुसरी १५ मिमीची असेल तर अशक्त बाजू आधी वाकते आणि भेग तिच्याकडे कलते. वर रेघ सरळ दिसते, पण पाठीकडे पट्टी निमुळती होत मध्येच मोडते. शिवाय दाबाच्या पायाचा एक पंख एवढ्याशा पट्टीवर नीट टेकतही नाही. २० ते २५ मिमीच्या खाली हँड कटरचं काम बेभरवशाचं, असं धरून चला.

खरा उपाय टाइल लावायला घेण्याआधी करायचा असतो. खोलीची रुंदी टाइल अधिक सांधा या मापाने भागून पाहा. शेवटी चिंचोळी पट्टी उरत असेल तर पहिली टाइल पूर्ण न लावता सगळी मांडणी अर्ध्या टाइलने सरकवा, म्हणजे दोन्ही भिंतींशी निदान अर्ध्या टाइलएवढे तुकडे येतील. दिसायलाही तेच बरं.

काम निम्मं झालेलं असेल आणि पट्टी लागतेच, तर ग्राइंडरने कापा. किंवा रेघ मारून नको असलेला भाग टाइलच्या पक्कडीने एका टोकापासून दोन-तीन मिलिमीटरचे घास घेत तोडत न्या. हे दुसरं जमतं ते पट्टी टाकाऊ असेल तेव्हाच.

स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावायच्या, पट्ट्या विचारणाऱ्यांसाठीही हेच तत्त्व: एका कडेने पट्ट्या सोलत जाऊ नका, निम्म्याने निम्मं करा. टाइल प्रत्यक्षात ५९८ मिमी भरली तर आधी २९९, मग १४९.५, मग पाव मिलिमीटर कमी ७५. आठ पट्ट्या, आणि प्रत्येक काप दोन सारख्या बाजूंमध्ये. यांतल्या दोनच पट्ट्यांना लांबीची एक कड कारखान्याची मिळते. बाकीच्यांची वरची कड घासावी लागेल, याचा वेळ धरा.

प्रश्न: कापलेले तुकडे काटकोनात येत नाहीत. पट्टीवरचा आकडा तर बरोबर लावतो.

आकड्यावर विश्वास नंतर, आधी गाइड पट्टीची परीक्षा. एक टाइल मधोमध कापा. दोन्ही तुकड्यांच्या कारखान्याच्या कडा एका सरळ पट्टीला लावा आणि कापलेल्या कडा एकमेकींसमोर आणा. आता एक तुकडा पालथा घाला, अशा रीतीने की त्याची कापलेली कड पुन्हा दुसऱ्याच्या कापलेल्या कडेला भिडेल. गाइड पट्टी काटकोनात असेल तर कडा पूर्ण जुळतील. एका टोकाला फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. २ मिमी फट म्हणजे १ मिमी चूक. पट्टीचे स्क्रू ढिले करून तेवढं फिरवा आणि पुन्हा तपासा. गुण्या लावूनही पाहता येतं, पण गुण्या स्वतः पडून वाकलेला असतो बऱ्याचदा.

पट्टी बरोबर असूनही तुकडा भिंतीशी बसत नसेल तर भिंत वाकडी आहे. त्यासाठी माप एकाच जागी घेऊ नका. टाइलच्या दोन्ही टोकांशी वेगवेगळं मोजा, भिंतीशी ठेवायची फट आणि सांधा वजा करा, पेन्सिलने दोन खुणा करा. मग गाइड पट्टी बाजूला सारा, टाइल हाताने फिरवून दोन्ही खुणा चाकाखाली आणा आणि रेघ मारा. चाक दोन्ही खुणांवर नेऊन खाली टेकवून बघितल्याशिवाय रेघ ओढू नका.

प्रश्न: स्विचबोर्डच्या चौकोनासाठी किंवा खांबाच्या कोपऱ्यासाठी ‘एल’ आकार या कटरने निघतो का?

नाही. हा कटर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतच भेग नेतो, मध्ये थांबवायची सोय त्यात नाही. ‘एल’साठी ग्राइंडर आणि दातरे नसलेल्या, सलग कडेच्या बारीक डायमंड ब्लेड लागतात. आतल्या कोपऱ्याच्या जागी आधी ५-६ मिमीचं भोक डायमंड बिटने पाडा आणि दोन्ही काप त्या भोकात येऊन संपवा. टोकदार आतला कोपरा म्हणजे पुढच्या तडेची सुरुवात. आज नाही फुटली तर लावल्यावर, कोणी जड वस्तू टेकवली की फुटेल. मधल्या चौकोनाला अशी चार भोकं पाडायची. भोक पाडताना ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देण्याची सोय, बंद ठेवा आणि पाणी शिंपडत राहा.

नळाच्या गोल भोकासाठी डायमंड होल सॉ. सुरुवातीला तिरका धरून चंद्रकोरीएवढी खाच पाडा, मग हळूहळू सरळ करा. थेट सरळ टेकवलात तर तो टाइलभर नाचतो.

प्रश्न: संगमरवर, ग्रॅनाईट याच कटरने?

नको. दगड रवाळ असतो, त्यात वरचा ग्लेझसारखा थर नाही. रेघ उमटते, पण भेग रव्यांच्या किंवा शिरांच्या वाटेने जाते. पाणी वापरणारं डायमंड ब्लेडचं यंत्रच लागतं. काचेच्या मोझाइकसाठी दोन चाकांची वेगळी पक्कड मिळते.

प्रश्न: ६०० × १२०० च्या टाइल लांबीच्या दिशेने चिरायच्या आहेत. आमचा कटर ९०० चा आहे. दोन्हीकडून रेघ मारून मध्ये जोडली तर?

टाइल फिरवून दोनदा मारलेल्या रेघांची जोड जुळत नाही. अर्धा मिलिमीटर फरक पडला तरी तिथे पायरी येते, आणि तोडताना नेमकी तिथूनच आडवी भेग फुटते. अशा टाइलसाठी आणि त्याहून मोठ्या पातळ स्लॅबसाठी वेगळी व्यवस्था असते: काचेला चिकटणाऱ्या वाट्यांसारख्या रबरी वाट्यांनी टाइलवरच बसणारा लांब रूळ, त्यावरून धावणारी चाकाची गाडी, आणि तोडायला स्क्रूची पक्कड.

टेबल सपाट आणि टाइलपेक्षा मोठं हवं. टाइल जमिनीवर, दोन लाकडांवर ठेवून हे काम होत नाही, ती मध्ये झोळते. रूळ खुणेवर नव्हे, तर खुणेपासून चाकाच्या अंतराएवढा बाजूला बसवायचा. हे अंतर प्रत्येक संचाचं वेगळं असतं, टाकाऊ तुकड्यावर एकदा रेघ मारून मोजून घ्या. पलीकडच्या कडेपासून आत चार-पाच सेंटीमीटर उलटी रेघ आधी मारा, मग अलीकडच्या कडेपासून एका दमात तिला मिळेपर्यंत. चालत चालत ओढावं लागतं, म्हणून पायाखालची जागा आधी मोकळी करा. मध्ये पाय अडखळला की रेघ तिथेच संपते.

रेघ मारल्यावर रूळ उचला आणि टाइल हळूच सरकवून रेघ टेबलाच्या कडेबाहेर पाच-सात सेंटीमीटर आणा. दुसऱ्या माणसाने बाहेरचा भाग खालून नुसता तोलून धरायचा, उचलायचा नाही. पक्कडीची मधली खूण रेघेवर आणा, स्क्रू आवळत जा. बारीक आवाज होऊन भेग काही सेंटीमीटर सरकेल. इथेच सगळ्यांना उरकण्याची घाई होते. थांबा. पक्कड दुसऱ्या टोकाला नेऊन तिथेही भेग सुरू करा. मग पहिल्या टोकाला परत या आणि हळूहळू आवळा. दोन्हीकडून आलेली भेग मध्ये मिळते आणि तुकडा हातात येतो.

प्रश्न: कापलेली कड हाताला लागते आणि ओबडधोबड दिसते.

सिलिकॉन कार्बाइडचा घासायचा दगड किंवा हातात धरायचा डायमंड पॅड वापरा. आधी जाडसर, ६० नंबरच्या आसपासचा, मग १२० नंबरचा किंवा त्याहून बारीक. घासण्याची दिशा महत्त्वाची: वरच्या ग्लेझकडून खाली मातीकडे, ४५ अंशांत, एकाच दिशेने. उलट, म्हणजे खालून वर घासलं तर ग्लेझचे नवे टवके उडतात आणि काम वाढतं. दोन-चार वेळा फिरवणं पुरतं, ग्लेझ गोल करायचा नाही. सॉकेटच्या झाकणाखाली किंवा स्कर्टिंगमागे जाणारी कड घासत बसू नका, पण तीक्ष्ण धार तरी मोडा. ताजी ग्लेझची कड काचेसारखीच कापते.

प्रश्न: धुळीचा त्रास होतो. मास्क लागतोच का?

हँड कटरच्या रेघेतून धूळ नगण्य उडते, म्हणूनच सरळ काप त्याच्यावर आणि वेडेवाकडे तेवढेच ग्राइंडरवर, अशी विभागणी करावी. ग्राइंडर कोरडा चालवला की टाइलमधल्या सिलिकाची अतिबारीक धूळ होते. ती डोळ्यांना दिसत नाही, फुफ्फुसात खोल जाते आणि तिथेच राहते. साध्या कापडी रुमालाने ती अडत नाही. एन ९५ दर्जाचा मास्क, काप पाण्याने ओला आणि काम उघड्यावर. चष्मा मात्र हँड कटरवरही हवा, कारण तुटताना कपची उडते ती वर, चेहऱ्याकडे. पायात चप्पल नको, बूट हवेत.

प्रश्न: काम संपल्यावर कटर कसा ठेवावा?

गाडी टोकाला नेऊन अडकवा, चाक वर राहील असं पाहा. रूळ कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पुसट हात द्या. जास्त तेल लावलं तर त्यावर धूळ बसून घासणीचा लेप होतो आणि गाडी ढिली पडते. कटर कधीही रुळाला धरून उचलू नका, बैठकीला धरा. भिंतीला टेकवून उभा ठेवायचा असेल तर रुळाची बाजू भिंतीकडे नको. रबरात रुतलेल्या कपच्या टोकदार काडीने काढून टाका, पुढच्या कामाच्या पहिल्या टाइलला त्याच मोडतात.